खालच्या तुकड्याचा कडबा

८ ऑक्टोबर २०१६, शनिवार. खालच्या तुकड्यातली ज्वारी कापायची आणि संध्याकाळी सहाच्या आत वर रस्त्यावर न्यायची. सगळी.

माझ्या वहीत त्या सकाळी एवढंच लिहिलं आहे. ‘सगळी’ या शब्दाखाली दोन रेघा मारल्या आहेत. इथे कॅनडात थँक्सगिव्हिंगचा लाँग वीकेंड होता, नवरात्र चालू होतं, आणि रेडिओवर रात्री फ्रॉस्ट, म्हणजे पीक जाळणारं हिम, पडणार म्हणून सांगत होते. मी पहाटे चारपासून जागी होते. काळजी होती, नाही असं नाही, पण हुरूप जास्त होता. तिसऱ्यांदा विळे मोजले तेव्हा नवरा म्हणाला, "आठच आहेत. मघाशीही आठच होते."

तो तुकडा पाऊण एकराचा. हॅमिल्टनपासून गाडीने अर्ध्या तासावर मी शेत भाड्याने घेतलं होतं, त्याचा हा सगळ्यात खालचा, उताराचा भाग. उतार संपतो तिथे तळं आहे. शेत आणि तळं दोन्ही सत्तरी ओलांडलेल्या एका बाईंचं. आयुष्यभर त्यांनी शाळेची बस चालवली. लहानपणी वडिलांनी त्यांना याच तळ्यात पोहायला शिकवलं, आणि तेव्हापासून जून ते सप्टेंबर त्या रोज सकाळी तिथे पोहत. फक्त गेली दोन वर्षं पोहल्या नव्हत्या. जुलै लागला की तळ्यावर हिरवी साय धरायची आणि वासाने काठावर उभं राहवायचं नाही.

ती साय माझ्यामुळे धरत होती.

मी बार्शीकडची. आमच्याकडे शेताला दोन-तीन वर्षांतून एकदा गाडीभर शेणखत पडलं तरी ती चार लोकांना सांगायची गोष्ट असे. दोन बैल आणि एक म्हैस, त्यांचं शेण ते किती, आणि त्यातलं अर्धं गोवऱ्यांत जाणार. खत जास्त होऊ शकतं ही कल्पना माझ्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती. २०११मध्ये मी इथे शेती सुरू केली. मेथी, कोथिंबीर, वांगी, गवार लावायची आणि मिसिसागाच्या देशी ग्रोसरीवाल्यांना द्यायची. पहिल्याच वसंतात पलीकडच्या रस्त्यावरचा कोंबड्यांच्या फार्मचा मालक येऊन म्हणाला, कोंबडखत पाहिजे का? फुकट देतो, वर आणूनही टाकतो. मी त्याला तीनदा विचारलं, नक्की फुकट ना? त्या संध्याकाळी बार्शीला फोन करून आईला सांगितलं, इथे लोक खत फुकट देतात. आई म्हणाली, "मग सोडू नकोस."

नाही सोडलं. दर वसंतात दोन ट्रक. २०१५मध्ये खालच्या तुकड्यातला मका फिका पडायला लागला, पानांवर पांढरट पट्टे उमटले. मला वाटलं, पीक उपाशी आहे. मी तिसरा ट्रक मागवला.

त्याच उन्हाळ्यात बाई बरणी घेऊन वर आल्या. बरणीत पालकाच्या रसासारखं पाणी होतं. ती माझ्या टेबलावर ठेवून त्या म्हणाल्या, "हे माझं तळं. मी कोणावर आरोप करत नाही. तू माती तपासून घे."

रिपोर्टमध्ये प्रत्येक अन्नद्रव्याची एक आडवी पट्टी होती. फॉस्फरसची, म्हणजे आपल्या स्फुरदाची, पट्टी कागदाच्या उजव्या कडेला जाऊन टेकली होती. कागद संपला म्हणून थांबली म्हणायची. माती तपासणाऱ्या सल्लागाराने मला बसवून समजावलं. कोंबडखतातलं नत्र पीक खातं, उरलेलं उडून जातं, धुऊन जातं. स्फुरद मात्र पिकाला लागतो त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त पडतो आणि मातीच्या कणांना धरून बसतो. वर्षं साठली की मक्याला जस्त घेता येईनासं होतं, म्हणून ते पांढरे पट्टे. पावसात माती वाहते, मार्चमध्ये बर्फ वितळून पाणी वाहतं, त्याबरोबर स्फुरद तळ्यात उतरतो आणि शेवाळाची दिवाळी होते.

"मग काढायचा कसा?" मी विचारलं.

"उपसून काढता येत नाही. नवीन काही घालू नकोस. पिकाला तो खाऊ दे आणि पीक शेताबाहेर ने. दाणा, पान, काडी, सगळं. इथले लोक दाणे नेतात आणि धाटं शेतातच सोडतात, त्याने फार फरक पडत नाही. आणि एका वर्षात होणारं काम नाही हे. बरीच वर्षं लागतील."

मी हसले. त्याला वाटलं मी निराश झाले, म्हणून तो काहीतरी धीराचं बोलायला लागला. मी म्हटलं, हे काम मला झोपेतही येतं. आमच्या गावात दाणे माणसांना, कडबा बैलांना आणि धसकटं चुलीला. शेतात काडी शिल्लक राहत नसे. शेतीखात्याचा माणूस दरवर्षी येऊन ओरडायचा, अहो काहीतरी मातीत राहू द्या. वडील हो हो म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी धसकटं वेचायला आम्हा पोरींना पाठवायचे. ज्या कामापायी आम्ही पिढ्यान्‌पिढ्या बोलणी खाल्ली, तेच इथे मला औषध म्हणून लिहून देत होते. घरी जाताना मी गाडीत गाणं म्हणत होते, जे मी करत नाही.

पुढच्या वसंतात बाईंनी अट घातली. "एक वर्ष देते. खालच्या तुकड्यात काहीही घालायचं नाही. जे उगवेल ते बाहेर न्यायचं. बर्फ पडायच्या आत जमीन मोकळी करून वर हिरवं काहीतरी पेरायचं. नाही जमलं तर मी तिथे गवत लावून टाकीन, आणि मग वरच्या शेताचंही बघू." त्या गमतीत बोलत नव्हत्या. खालचा तुकडा गेला तर ऑगस्टमधली भाजी गेली, कारण त्या महिन्यात ओल फक्त तिथेच असते. आणि वरचं गेलं तर माझं सगळंच गेलं.

मी चाऱ्याची ज्वारी पेरली. जुलैमधली पहिली कापणी एका गुरंवाल्याने मशीनने करून नेली. त्याचं शेत टेकडीपलीकडे आहे, त्याच्या मातीत स्फुरद कमी. म्हणजे गुरांनी इथलं खायचं आणि शेण तिथे टाकायचं, असा चोख हिशेब. दुसरा फुटवा माझ्या डोक्याच्या वर गेला. पण सप्टेंबरच्या शेवटी पाऊस झाला आणि उतार असा भिजला की मशीन आत घातलं असतं तर चाकांच्या चरांतून माती थेट तळ्यात गेली असती. बाई म्हणाल्या, मशीन नाही. गुरंवाला म्हणाला, मग हाताने काप, मी शनिवारी सहाला वॅगन घेऊन रस्त्यावर येतो. "पण फ्रॉस्ट पडल्यावर मी ती घेणार नाही. तशा ज्वारीने जनावर मरतं." हे त्याने मला समजावून सांगायची गरज नव्हती. कोवळ्या ज्वारीतल्या विषाने बैल दगावतो हे बार्शीत लहान पोरालाही ठाऊक असतं; फ्रॉस्टने तेच विष चढतं.

गुरुवारी रात्री मी आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं: शनिवारी शेतावर ज्वारी काढायची आहे, सकाळी नऊला या, जेवण माझ्याकडे.

यात एकही शब्द खोटा नाही. हुरडा आहे असं मी कुठेही लिहिलं नव्हतं. हुरडा नाही, असंही लिहिलं नव्हतं.

नऊला गाड्यांची रांग लागली. एकोणीस जण आले, बहुतेक साठीपुढचे. डॉक्टर, प्रोफेसर, बँकेतून रिटायर झालेले. लसणीची चटणी, गूळ, दह्याची भांडी, शेवेचे डबे. एका काकांनी तर टोपी घालून उपरणं घेतलं होतं. आणि प्रत्येक गाडीच्या ट्रंकमध्ये शेणखताच्या पिशव्या.

"हे काय?" मी विचारलं.

"अगं, शेतकऱ्याकडे यायचं तर रिकाम्या हाताने कसं यायचं?" इंजिनियरकाका म्हणाले. आयुष्यभर त्यांनी पूल बांधले होते. "मिठाई काय, कोणीही आणतं. मीच सुचवलं सगळ्यांना. गार्डन सेंटरला सीझन संपल्याचा सेल लागलाय."

मी पिशव्या मोजल्या. चोवीस. ज्या शेतातून स्फुरद बाहेर काढण्यासाठी मी पहाटेपासून जागी होते, त्या शेतासाठी माझ्या माणसांनी चोवीस पिशव्या स्फुरद प्रेमाने आणला होता. मी त्या रस्त्याकडेला रचायला लावल्या आणि म्हटलं, "उघडू नका हं. नंतर सांगते का ते."

डॉक्टरकाका ज्वारीत शिरले, एक कणीस वाकवून तळहातावर चोळलं आणि फुंकर मारली. हातात भुसाच उरला.

"यात दाणाच नाही."

"चाऱ्याची आहे, काका."

"मग हुरडा?"

"हुरडा कोण म्हणालं?"

त्यांनी फोन काढून माझा मेसेज पुन्हा वाचला. मोठ्याने. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाले, "तू वकील व्हायला हवी होतीस." आणि मी पुढे केलेला विळा घेतला.

मी सगळ्यांना पाच मिनिटांत तळ्याची गोष्ट सांगितली. बरणीचीसुद्धा. कोंबडखताचे ट्रक कोणी मागवले तेही सांगितलं. फ्रॉस्टचं सांगितलं. कोणी परत गेलं नाही. पण पहिल्या तासात आम्ही फारच थोडं कापलं. आठ विळे, त्यातले चार धरणाऱ्यांना विळा कसा धरायचा हेच माहीत नाही. कापलेल्या पेंढ्या खांद्यावर घेऊन ओल्या उतारावरून वर जायचं, पाय घसरायचे, एका फेरीनंतर माणूस बसायचा. त्या वेगाने आम्हाला मंगळवार उजाडला असता, म्हणजे थेट दसरा.

तेव्हा डॉक्टरकाकांच्या बायकोने पदर खोचला. काकू वर्षानुवर्षं हॅमिल्टनच्या युनिव्हर्सिटीत लायब्ररी सांभाळत होत्या, आणि त्या दिवशी त्यांचा सातवा उपास होता, नुसत्या दूध-फळांवर. त्यांनी नवऱ्याच्या हातातला विळा काढून घेतला.

"द्या इकडे. तुम्ही ऑपरेशन करताय का?"

"काकू, तुमचा उपास आहे."

"उपास पोटाला असतो, हाताला नाही." आणि त्या वाकल्या. डाव्या हाताने चार-पाच धाटांचा मुठा, उजव्या हाताने जमिनीलगत एकच ओढ, मुठा बाजूला, पुढचा मुठा. त्या सांगोल्याच्या आहेत हे मला त्या दिवशी कळलं. बारा वर्षांच्या ओळखीत मी त्यांना फक्त पुस्तकांविषयी बोलताना ऐकलं होतं. मी त्यांच्या शेजारची ओळ धरली, आणि आम्ही दोघी निघालो. तो आवाज, विळ्याचा खरर्र, मी किती वर्षांनी ऐकत होते. हात आपोआप चालत होते. काकू मधूनच मागे बघून म्हणत, "मागे राहिलीस बघ," आणि मला हसू आवरत नव्हतं. बाकीचे आमचं बघून शिकले. अकरापर्यंत आठही विळे नीट चालू लागले.

वर न्यायचा प्रश्न इंजिनियरकाकांनी सोडवला. त्यांचा गुडघा बदललेला होता, म्हणून त्यांना मी खुर्चीवर बसवलं होतं. तिथून ते ओरडले, "माणसं हलवू नका, पेंढ्या हलवा." उतारावर त्यांनी विळा नसलेल्या सगळ्यांना चार-चार पावलांवर उभं केलं आणि पेंढी हातोहात वर जायला लागली. पाच पेंढ्या झाल्या की वरचा माणूस ओरडायचा, "पाचुंदा!" तो शब्द काकूंनी शिकवला होता, कडबा पाचांनीच मोजतात म्हणून. दोन-तीन जणांनी तो आयुष्यात पहिल्यांदा ऐकला असेल. ओरडायला मात्र सगळ्यांना आवडला.

जेवायला अर्धा तास. हुरड्यासाठी आणलेली चटणी-दही माझ्या भाकरीबरोबर संपली. दोनला आम्ही तळ्याच्या बाजूच्या शेवटच्या ओळींना लागलो. माझं सगळं लक्ष खाली होतं. चारच्या सुमाराला कंबर सरळ करून मी वर पाहिलं, तर मोकळ्या झालेल्या वरच्या भागात इंजिनियरकाका उभे. पिशवी काखेत, आणि मूठ मूठ काळंभोर खत ते अगदी सारख्या अंतरावर टाकत चालले होते. जेवणानंतर त्यांना खुर्चीत बसवेना. आपलाही हात लागावा असं त्यांना वाटलं असणार. पाच पिशव्या रिकाम्या पडल्या होत्या.

आणि त्यांच्यापासून दहा पावलांवर बाई उभ्या होत्या. रबरी बूट, दोन्ही हात कोटाच्या खिशात.

मी विळा टाकून पळत वर गेले. चिखलात एकदा गुडघ्यावर पडले.

"हे काय करतोय हा?" बाईंनी शांतपणे विचारलं.

"काका, थांबा," मी आधी मराठीत म्हटलं. "अहो, हेच घालायचं नाहीये. सकाळी सांगितलं ना."

"ते कोंबडीचं," काका म्हणाले. "हे गाईचं आहे. आणि कुजवलेलं. सौम्य असतं."

"त्यातही स्फुरद आहे. यांनी मला वर्ष दिलंय. हे शेत जाईल माझं."

काकांचा चेहरा उतरला. त्यांनी पिशवी खाली ठेवली, बाईंकडे वळले आणि इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, चूक माझी आहे. हिची नाही. आमच्यात शेतावर रिकाम्या हाताने येत नाहीत. मी हे परत भरून देतो." आणि बदललेल्या गुडघ्यासकट ते खाली बसले आणि खत ओंजळीने पिशवीत भरायला लागले.

मी नवऱ्याला फावडी आणायला सांगितलं. सहाजण खाली बसले. खताचं ढेकूळ उचलायचं, त्याखालची बोटभर माती खरवडायची, पिशवीत टाकायची. डॉक्टरकाका प्रत्येक ढेकळाकडे बोट दाखवत फिरत होते. "इथे राहिलंय. इथेही. हातमोजे घाला, माणसांनो." कोणी हसत नव्हतं. मी बाईंकडे बघायचं टाळत होते. मी खरवडत होते.

जरा वेळाने माझ्या शेजारी रबरी बूट आले. बाईंनी एक फावडं घेतलं होतं.

"पन्नास वर्षं मी शेतात खत जाताना बघतेय," त्या म्हणाल्या. "शेतातून खत परत पिशवीत जाताना पहिल्यांदाच बघितलं."

मग त्यांनी काकांना उठवून खुर्चीत बसवलं आणि त्यांच्या जागी स्वतः खरवडायला लागल्या.

खालून काकूंचा आवाज आला, "अगं, शेवटची ओळ राहिलीय, गप्पा कसल्या मारताय?" पाच वाजले होते. पुढचा तास कसा गेला ते मला सलग आठवत नाही. विळे, हातोहात पेंढ्या, पाचुंदा, पाचुंदा. उन्हं तिरपी झाली, श्वासाची वाफ दिसायला लागली. सहाला दहा मिनिटं असताना काकूंनी शेवटचा मुठा कापला, विळा पदराला पुसला आणि म्हणाल्या, "आता मला एक केळं द्या."

गुरंवाला वेळेवर आला. वॅगन भरायला सगळे लागले. कडबा वर रचून झाल्यावर मी त्याला विचारलं, तुझ्या मातीला स्फुरद लागतो ना? तो म्हणाला, हो. मग खताच्या चोवीसच्या चोवीस पिशव्या, भरलेल्या आणि परत भरलेल्या, आम्ही कडब्याच्या वर चढवल्या. वॅगन टेकडीवरून पलीकडे दिसेनाशी झाली तेव्हा कोणीतरी टाळ्या वाजवल्या, आणि मग सगळ्यांनीच.

गाड्या निघाल्यावर बाई आणि मी कुंपणापाशी उभ्या होतो. खाली तुकडा साफ होता. सरळ दिसणाऱ्या धसकटांच्या ओळी आणि त्यापलीकडे तळं.

"मी एक वर्ष म्हणाले होते," त्या म्हणाल्या. "पुरणार नाही, ना?"

"नाही. यंदा तपासलं तर आकडा कदाचित हललेलाही दिसणार नाही. बरीच वर्षं लागतील."

हे मी वसंतातच सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर त्यांनी वर्षसुद्धा दिलं नसतं, असं तेव्हा मला वाटलं होतं.

बाईंनी मान हलवली. "मला ठाऊक होतं. मीही विचारून आले होते त्या सल्लागाराला. तू सांगतेस का, तेवढंच बघायचं होतं." मग बूट आपटून चिखल झाडत म्हणाल्या, "पुढच्या वर्षी ही माणसं कोणत्या तारखेला येणार ते आधी कळव. मी सूप करून ठेवीन. त्या उपाशी बाईंना काय चालतं तेही विचार."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला सगळं पांढरं पडलं होतं. धसकटांवर साखर भुरभुरल्यासारखा फ्रॉस्ट. तो वितळेपर्यंत मी थांबले. मग राईच्या बियाण्याची पिशवी कमरेला बांधून तळ्याच्या बाजूने सुरुवात केली आणि अख्ख्या तुकड्यात मूठ मूठ बी फोकलं. ही राई म्हणजे आपली मोहरी नव्हे, गव्हासारखं धान्य. थंडीतही उगवतं आणि बर्फाखाली माती धरून ठेवतं. नवरा मागून दाताळ्याने बी झाकत आला. शेवटी मी बादली घेऊन वरच्या भागात गेले. काकांची दोन ढेकळं आमच्या नजरेतून सुटली होती, ती सकाळच्या उजेडात दिसली. ती आणि त्यांच्याखालची माती खरवडून बादलीत भरली, बादली वर गाडीत ठेवली, आणि मग चहा केला.